पावण्यांचा खण

माझ्या लेकीने मला एक अट घातली होती. कपाटात साठलेल्या क्रीमच्या डब्या, बाटल्या, ट्यूबा मी सगळ्या वापरून संपवायच्या, आणि त्या संपल्या की जामसंड्याचं घर बंद करून पुण्याला तिच्याकडे राहायला जायचं, कायमचं. तोपर्यंत तिने नवीन काही आणायचं नाही आणि मीही तिकडे जायचं नाही. लग्नाच्या बैठकीतसुद्धा इतक्या चटकन काही ठरत नाही. आम्ही दोघींनी हे पलंगावर बसून, फणसाचे गरे खाता खाता ठरवलं.

दोष त्या खणाचा. आमच्याकडे बहुतेक घरांत तसा एक असतो, पावण्यांचा खण. त्यात धुऊन घडी घातलेली चादर, कोरा टॉवेल, पावडरचा डबा आणि वासाचे साबण. मुंबईची मंडळी गणपतीला, मे महिन्यात येतात ती हे सगळं घेऊन येतात. आपण त्याला हात लावत नाही. पुढच्या वेळी ती आली की त्यांचं त्यांनाच काढून देतो. माझ्या सासूबाई तर पावणे गेल्यावर उरलेली साबणाची वडी खिडकीत सुकवून तिच्याच कागदात पुन्हा गुंडाळून ठेवत. एकदा माझ्या नवऱ्याचे मुंबईचे चुलतभाऊ न्हाऊन बाहेर आले आणि टॉवेलने कान पुसत म्हणाले, ‘‘वयनी, साबण बरो आसा हां तुमचो. खंय गावता?’’

‘‘देवगडाक,’’ मी म्हटलं. तो त्यांनीच आदल्या गणपतीला आणलेला होता.

तेव्हा लेकीने आणलेली क्रीमं मी या खणात ठेवली यात माझं काही वेगळं नव्हतं. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दर खेपेला ती माझा गाल चिमटीत धरून बघायची, ‘‘किती सुकलंस गो,’’ म्हणायची आणि बॅगेतून दोन-तीन बाटल्या काढायची. मी झाकण उघडून वास घ्यायची, ‘‘बरा आसा,’’ म्हणायची आणि ती गेली की सगळं खणात. इतकी चांगली वस्तू, ती रोजच्या दिवशी कशी फोडायची? शाळेतली नोकरी सुटली होती, निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. तोंड बघायला घरात एक आरसा आणि भिंतीवर नवऱ्याचा फोटो. दोघांचीही तक्रार नव्हती.

मग एका मे महिन्यात ती जावयांसाठी चादर काढायला गेली आणि चादरीमागची सगळी दुकानदारी तिच्या नजरेस पडली. तिने एकेक बाटली पलंगावर मांडली. काहींच्या वरची प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती.

‘‘ह्या काय गो? मी तुका लावूक हाडलंय की पूजा करूक?’’

‘‘बरी वस्तू आसा. मोडूक जीव होणा नाय.’’

‘‘मगे कोणासाठी ठेवलंस?’’

‘‘तू इलंस की तुका काढून देवक.’’

तिने हातातली बाटली खाली ठेवली. ‘‘म्हणजे मी पावणी?’’

मला वाटलं हसेल. हसली नाही. तिला ते लागलं होतं. थोडा वेळ तिने गरे खाल्ले, आठळ्या बशीत टाकल्या आणि मग म्हणाली, ‘‘ह्या सगळा संपव. संपला की बॅग भर आणि ये माझ्याकडे. तवसर मी नवीन काय एक हाडूचंय नाय.’’

तिचे बाबा गेल्यापासून ती मला बोलवत होती आणि मी दर वेळी काहीतरी पुढे करत होते. आंब्याच्या कलमांचं कोण बघणार, देवापुढे दिवा कोण लावणार, जावयाच्या घरी कायमचं राहणं बरं दिसत नाही. जावई भला माणूस आहे, त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण मला माझ्या पायरीवर बसायची सवय. आता तर तिनेच माझ्या हातात सबब दिली होती. पलंगावरचा ढीग बघून मी मनात हिशेब केला की हे संपायला मला दोन जन्म पुरणार नाहीत. ‘‘बरा,’’ मी म्हटलं. ती खूश झाली, मीही झाले.

ती पुण्याला गेल्यावर रोज दिवेलागणीला तिचा फोन येऊ लागला. पहिलाच प्रश्न, ‘‘आज काय लावलंस?’’ आधी तोंड धुवायचं, मग टोनर, मग सीरम, मग क्रीम, आणि मधेमधे थांबायचं. भिंतीला रंग देताना पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देत नाहीत तसं. मी आयुष्यभर पोरांना पाढे घोकायला लावले, आता ती मला लावत होती. ‘‘सीरमच्या आधी क्रीम लावलंस? आता पुस आणि परत लाव,’’ असा दमही देई. मी मुद्दाम चुका करायची, म्हणजे बोलणं लांबे.

समोरच्या घरात एक शेजारीण राहत असे. तीही माझ्यासारखीच एकटी, माझ्याहून वयाने मोठी, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीने सहज न घाबरणारी. एका दुपारी मी तोंडावर लेकीने दिलेला ओल्या कागदाचा मास्क चिकटवून बसले असताना ती मागच्या दाराने विड्याची पानं मागायला आली. डोळ्यांना आणि तोंडाला भोकं असलेला पांढराफटक चेहरा बघून तिने दाराची चौकट धरली.

‘‘बाईनू, ह्या काय झाला तुमका?’’

बोललं की मास्क घसरतो, म्हणून मी हातानेच बस म्हटलं. ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मुद्दाम आली, मला खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उजेडात नेऊन हनुवटी धरून दोन्ही गाल बघितले आणि म्हणाली, ‘‘काय फरक नाय.’’ मग तीच हसली आणि मीही. पुढे रोज सकाळी ती कुंपणापाशी येऊन फरक बघून जाई.

एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. मला ते लावायला आवडायला लागलं होतं. नवरा गेल्यापासून माझ्या तोंडाला कोणाचा हात लागला नव्हता. हा हात माझाच, पण चूल, भांडी, झाडू यांच्यासाठी चालतो तसा नव्हे, सावकाश फिरणारा. कपाळावरून कानापर्यंत, गळ्यावरून खाली. शेजारणीने हनुवटी धरली तेव्हाही मला बरं वाटलं होतं. या वयात अशा गोष्टींची भूक असते हे सांगायची लाज वाटते, पण असते.

पावसाळा लागला आणि मी हात आखडता घेतला. डब्या उतरायला लागल्या होत्या. दोन जन्मांचा हिशेब चुकला होता. रोज लावलं की कितीही मोठी बाटली असो, ती संपते. मग मी गव्हाच्या दाण्याएवढं घेऊ लागले. फोनवर मात्र ‘‘लावलंय गो, सगळा लावलंय,’’ म्हणायची. पुण्याला जायचं म्हणजे काय ते मी मोजत बसायची. चौथ्या मजल्यावरचं घर, खाली उतरायला लिफ्ट, आणि दिवसभर दोघंही कामावर. तिथे मी कोणाच्या पायरीवर बसणार?

गणपतीला लेक आणि जावई दीड दिवस येऊन गेली. तिने खण उघडून बघितला आणि माझी पाठ थोपटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेजारीण मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली. कंबर दुखावली. तिचा मुलगा कुडाळला औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, तो गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. गाडीत बसताना ती मला म्हणाली, ‘‘दिवाळीक येतंय. तवसर तोंडाक लावीत रवा.’’ मी हो म्हटलं. मुलाने दाराला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून बघितलं, आणि तुळशीपुढची पणती उचलून आत ठेवायचं राहिलं म्हणून पुन्हा उघडलं. दिवाळी आली. ती आली नाही.

मला एकटं वाटायला लागलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, स्वतःशी कबूल करायला मला बरेच दिवस लागले. समोरच्या घरात दिवा लागत नसे, म्हणून मी संध्याकाळी पायरीवर बसायचं सोडलं. सकाळी तोंड धुऊन सवयीने कुंपणापाशी जायची आणि गाल कोणाला दाखवायचा ते सुचत नसे. एका संध्याकाळी लेकीचा फोन आला आणि मी ‘‘बोल गो’’ म्हटलं ते घोगरं निघालं.

‘‘सर्दी झाली काय?’’ तिने विचारलं.

सर्दी नव्हती. सकाळपासून मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते, एवढंच. फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले आणि तिथेच ठरवलं की आपण जायचं. चौथा मजला तर चौथा मजला. निदान संध्याकाळी दाराची बेल वाजेल आणि ती आत येईल. चपला काढता काढता काहीतरी बोलेल.

मग मी उलटा चंग बांधला. गव्हाच्या दाण्याचा हरभरा झाला, हरभऱ्याचा लिंबू. अंगाला लावायचं लोशन कोपरांना, पोटऱ्यांना, टाचांच्या भेगांना. रात्रीचं क्रीम सकाळीही. उन्हाचं क्रीम ढगाळ दिवशीही. कोणाला देऊन टाकायचं नाही, ओतून द्यायचं नाही, अट अटीसारखी पाळायची. शाळेत मी कॉपी चालू दिली नव्हती. मासे घेऊन येणारी बाई पाटी उतरवता उतरवता थबकली आणि म्हणाली, ‘‘बाईनू, खंय लग्नाक चललात?’’ मी इतकी चकाकत होते. ट्यूब दाबून काही येईनासं झालं की मी ती आडाळीवर मधोमध चिरायची. नारळ खवायच्या त्या पात्याने क्रीमची ट्यूब छान उघडते, आणि आत अजून चार दिवसांचा ऐवज असतो.

फोन येतच होता. फक्त ‘‘आज काय लावलंस’’ हा प्रश्न कधी बंद झाला ते मला सांगता येणार नाही. ‘‘जेवलंस? बरी आसस मा?’’ एवढं विचारून ती ठेवायची. दिवाळीनंतर तिचे सासू-सासरे गावाहून तिच्याकडे आले होते. सासऱ्यांना लकव्याचा झटका आला होता आणि उपचार पुण्यात चालू होते. ‘‘थोडे दिवस आसत,’’ ती म्हणाली होती. मला ज्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं, पूर्वेकडच्या खिडकीची, ती त्यांना दिली होती. साहजिक होतं, आजारी माणसाला उजेड हवा. माझं संपेपर्यंत ते बरे होऊन घरी जातील असं मी धरून चालले. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

इकडे माझी तयारी चालली होती. कलमं त्या हंगामापुरती वाडीतल्याच एकाला खंडाने दिली, म्हणजे फवारणीपासून उतरवणीपर्यंत सगळं तोच बघणार. देव बरोबर न्यायचे ठरवले. कपाटावरची बॅग काढून पुसली आणि पलंगावर उघडी ठेवली. रिकाम्या झालेल्या डब्या गरम पाण्याने धुऊन वाळवल्या. एकीत कुंकू भरलं, एकीत मोहरी, एकीत देवांच्या वाती. गुलाबाचा वास मात्र जाता जात नव्हता, मोहरीलाही लागला. साड्या बॅगेत घातल्या. जावयाच्या घरी नेसायला म्हणून बऱ्यातल्या चार वर ठेवल्या.

शेवटी राहिली ती काचेची ड्रॉपरवाली बाटली, सगळ्यांत उंची. तिच्या तळाला राहिलेलं काही ड्रॉपरमध्ये येईना. मी दोन थेंब पाणी घालून हलवलं आणि तळहातावर ओतलं. कलमांना मोहोर आला होता, सकाळची थंडी होती, खळ्यात ऊन पसरत होतं. मी तोंडाला लावलं आणि हात कोरडा होईपर्यंत गालांवर फिरवत राहिले. मग सगळ्या रिकाम्या बाटल्या, चिरलेल्या ट्यूबा, धुतलेल्या डब्या खळ्यात ओळीने मांडल्या, जरा मागे सरून फोटो काढला आणि लेकीला पाठवला. खाली लिहिलं, ‘‘संपला सगळा. कधीची बस धरू?’’

तिने बघितल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग एक लाल बदाम आला. त्या संध्याकाळी फोन आला नाही. कामात असेल. दुसऱ्या दिवशी मी फोन जवळ घेऊनच पायरीवर बसले, बऱ्याच दिवसांनी. ‘‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करते,’’ असा मेसेज आला. मी बॅगेतल्या साड्यांची घडी पुन्हा घातली.

आठवडा गेला असेल. कुरियरवाला खोका घेऊन आला. खोका एवढा मोठा की मला वाटलं हिने मला नवी बॅग पाठवली, माझ्या त्या जुन्या बॅगेची तिला लाज वाटत असणार. सही करतानाच मला हसू आलं. आडाळीच्या टोकाने चिकटपट्टी कापली आणि उघडलं तर आत क्रीमच्या बाटल्या होत्या. सगळ्या तशाच, मी संपवल्या त्याच, पण मोठ्या. पंपवाल्या, दोन-दोन. आंघोळीचा साबणसुद्धा होता, डझनभर.

मी खोक्यापाशी जमिनीवर बसले. किती वेळ ते माहीत नाही. मला कळलं होतं, आणि तरी मी एकेक बाटली बाहेर काढून तळाशी काही आहे का ते बघत होते, तिकीट वगैरे.

संध्याकाळी फोन आला.

‘‘आई, मिळालं का पार्सल? सगळं मोठ्या साईजचं घेतलंय मुद्दाम. वर्षभर तरी तुला बघायला नको.’’

लेक माझ्याशी अशी शुद्ध मराठी बोलत नाही. जवळ कोणी बसलं असेल. किंवा नसेलही. ऑफिसात साहेबाला नाही म्हणायचं असलं की आपण अशी भाषा काढतो.

‘‘गावला,’’ मी म्हटलं. ‘‘सासरे कशे आसत?’’

‘‘आहेत बरे. म्हणजे आता ते दोघं इथेच राहणार आहेत. गावाला त्यांना बघणारं कोणी नाही गं.’’

मलाही बघणारं कोणी नाही, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी गिळलं. तिने तरी काय करायचं? दोन खोल्यांचं घर, अंथरुणाला खिळलेला माणूस, दिवसभर नोकरी. तिचा दोष नाही. आजही हेच म्हणते, आणि म्हणताना मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग हळू, अगदी पोरसवदा आवाजात ती म्हणाली, ‘‘रागावलंस?’’

‘‘नाय गो.’’

‘‘मे महिन्यात मी येतंय. चांगले आठ दिवस रवतंय.’’

‘‘ये.’’

मग तिने विचारलं, कितीतरी महिन्यांनी, ‘‘आज काय लावलंस?’’

सकाळी मी तोंड नुसतं पाण्याने धुतलं होतं. ‘‘सगळा लावलंय,’’ मी सांगितलं. ‘‘आदी सीरम, मगे क्रीम.’’

‘‘बरा केलंस,’’ ती म्हणाली.

बॅगेतल्या साड्या मी दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवल्या. देव त्यांच्या जागी होतेच, त्यांना अजून हलवलं नव्हतं. मग खोका ओढत आत आणला आणि पावण्यांचा खण उघडला. चादर धुऊन पुन्हा घडी घातली होती, टॉवेल कोरा होता. त्यांच्या मागे एकेक बाटली लावली, साबणाच्या वड्या पुढे ठेवल्या, आणि एकीचीही पट्टी फाडली नाही. तोंडाला मी आता खोबरेल लावते, सासूबाई लावायच्या तसं. मे महिन्यात लेक येईल. आंघोळीला निघाली की टॉवेलाबरोबर तिच्या हातात साबण देईन, नवा, कागदासकट. खंय गावलो असं ती विचारणार नाही.